गाडी त्याची, वाळू आपली

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका बुजुर्ग चाचींचं निधन झालं. फजरच्या आधी इंतकाल झाला, जोहरनंतर दफन ठरलं. घरून जनाजा उचलला आणि चाळीस पावलांवर आम्हाला थांबावं लागलं. पुढं रस्ताच नव्हता.

आमची गल्ली पंधरा फुटांची. एका बाजूला बांधकाम चालू होतं, तिथं कामावर आलेल्यांच्या नऊ-दहा मोटारसायकली आडव्या लावलेल्या. मोटारसायकल साडेसहा फूट लांब असते. समोरच्या बाजूला वाळूचा ढीग, तो सहा फूट रस्त्यात आलेला. मध्ये उरले अडीच फूट. खांदा देणारे दोन्ही बाजूंनी चालतात. अडीच फुटांतून जनाजा जात नाही.

मागून कुणीतरी वर बघून ओरडलं. परांचीवरून दोन गवंडी आणि तीन बिगारी भराभर उतरले. एकानं हात पँटला पुसत विचारलं, "कोण वारलं वं?" सांगितल्यावर तो म्हणाला, "मावशी व्हय? पाणी द्यायच्या रोज आमाला." दोन मिनिटांत सगळ्या गाड्या निघाल्या. दोघं जण तसेच सिमेंटच्या हातांनी कोपऱ्यापर्यंत जनाज्यामागं चालत आले आणि मग कामावर परत गेले.

वाळूचा ढीग जागेवरच होता. तो पुढं पाच आठवडे तिथंच राहिला.

त्या रात्री गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे झालं त्यासाठी मी हा लेख लिहितोय. "या लेबर लोकांना अक्कल नाही." "बाहेरून येतात आणि आपल्या दारात गाड्या लावतात." "उद्यापासून हवा सोडा, आपोआप शिकतील." शंभरेक मेसेज पडले असतील. वाळूवर एक शब्द नाही. कारण वाळू ज्यांची होती तेही त्याच ग्रुपमध्ये होते. हवा सोडण्याच्या मेसेजवर त्यांनी अंगठासुद्धा दाखवला.

मी त्या रात्री गप्प बसलो. आता बोलतो.

हिशेब मांडू या

मी नकाशे काढण्याच्या कामात आहे. घराचा प्लॅन, नगरपरिषदेची परवानगी, साईटवर लाईन आऊट, हे माझं रोजचं काम. त्यामुळे ही गोष्ट मला फुटांत आणि तासांत दिसते. तुम्हीही तशीच बघा.

उभी केलेली एक मोटारसायकल साधारण सोळा चौरस फूट जागा घेते. दहा गाड्यांना एकशे साठ. सकाळी नऊला येतात, संध्याकाळी सहाला जातात. सुट्टीच्या दिवशी येत नाहीत.

आता वाळू. चार ब्रास वाळू म्हणजे चारशे घनफूट. ढिगाची सरासरी उंची सव्वादोन फूट धरली, तर तो साधारण एकशे ऐंशी चौरस फूट जागा व्यापतो. म्हणजे आपल्या घरातली एक मोठी खोली. ती दिवसा तिथंच, रात्री तिथंच, जुम्म्याला तिथंच. त्याच्या पुढं खडी, खडीच्या पुढं विटांचा चट्टा, त्याला टेकून सळया, वर सेंट्रिंगच्या प्लेटा. पावसात वाळू गटारात जाते, गटार तुंबतं आणि ते पाणी खालच्या घरात शिरतं. खालचं घर बहुतेक वेळा भाडेकरूचं असतं.

गल्ली जास्त कोण अडवतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

चाची जाण्याच्या आठ दिवस आधी, रात्री दोनच्या सुमारास त्यांना दवाखान्यात न्यायला रुग्णवाहिका आली होती. ती कोपऱ्यावरच थांबली. त्या वेळी गल्लीत एकाही कामगाराची गाडी नव्हती. वाळूचा ढीग होता, आणि ढिगासमोर आपल्याच एका शेजाऱ्याची कार. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, शाल गुंडाळून चाचींना कोपऱ्यापर्यंत नेलं. त्यामुळे काही बिघडलं असं मी म्हणणार नाही, वय झालं होतं त्यांचं. पण खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता आणि खडीवरून पाऊल घसरत होतं, हे मी विसरलेलो नाही. रात्री दोनला जो रस्ता बंद होता, तो कुठल्या बिहाऱ्यानं, कानड्यानं किंवा शिराळ्याच्या पोरानं बंद केला नव्हता.

तो गाडी तिथंच का लावतो

हा प्रश्न ग्रुपवर कुणी विचारला नाही. मी साईटवर विचारला.

इस्लामपूरच्या कामांवर येणारा माणूस पेठ, कामेरी, नेर्ले, साखराळे, बोरगाव, वाळवा अशा गावांतून येतो. कुणी शिराळ्याच्या डोंगराकडून येतो. कर्नाटकातून, उत्तरेतून आलेले इथं खोली करून राहतात आणि एका गाडीवर तिघं येतात. आठ-नऊला हजर राहायचं, संध्याकाळी परत, सोबत थापी, ओळंबा, पट्टी, ग्राइंडर, जेवणाचा डबा. आज हे काम, परवा दुसऱ्या टोकाला दुसरं. एसटीच्या वेळेवर हे जमत नाही. मोटारसायकल हे त्याच्या कामाचं अवजार आहे, थापीसारखंच.

ती गाडी बहुतेक वेळा हप्त्यावर घेतलेली असते. चोरीला गेली तर हप्ता चालू राहतो आणि काम बंद पडतं. म्हणून परांचीवरून दिसेल अशा ठिकाणी तो ती लावतो. अवजारं ठेवायला साईटवर कुलपाची पेटी नसते, म्हणून ती गाडीच्या डिकीत किंवा हँडलला अडकवलेल्या पिशवीत राहतात. दिवसातून चार वेळा तो गाडीजवळ येतो. लांब लाव म्हणणं सोपं आहे. लांब म्हणजे कुठं, आणि तिथं लक्ष कोण ठेवणार, हे सांगणारा एकही घरमालक मला अजून भेटलेला नाही.

राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यानुसार मी नकाशात पार्किंग दाखवतो, इतकी कार, इतक्या दुचाकी. ते पार्किंग घर पूर्ण झाल्यावर राहायला येणाऱ्यांसाठी. घर बांधणाऱ्यांच्या गाड्या वर्षभर कुठं उभ्या राहणार, याचा चौकोन मी आजवर एकाही नकाशात काढलेला नाही आणि कुणी मला काढायला सांगितलेला नाही. मालकाच्या अंदाजपत्रकात सिमेंट, स्टील, मजुरी, टाईल्स, सगळं असतं. सामान ठेवायची जागा आणि गाड्यांची जागा, या दोन ओळी नसतात. तो खर्च गल्ली भरते. शाळेतून येणारी पोरं विटांच्या कडेनं चालतात, बुरख्यातली बाई दोन हँडलांच्या मधून अंग चोरत जाते, नमाजला निघालेले म्हातारे ढीग चुकवत गटाराच्या झाकणावर पाय ठेवतात.

मालकाचे पैसे वाचतात, ठेकेदाराचे वाचतात. शिव्या खातो तो बिगारी, ज्याचे काहीच वाचत नाहीत.

आणि हा बिगारी कोण? फरशी बसवणारा, पीओपीवाला, फॅब्रिकेशनवाला, प्लंबर, सेंट्रिंगवाला. आपल्या किती घरांत असा एक मुलगा आहे ते मोजा. तो सांगली-कोल्हापूरला, पुण्याला कामाला जातो. तिथल्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्या गाडीचा फोटो टाकून कुणीतरी हेच लिहीत असतं. तिथं आपण "लेबर लोक" असतो.

आधी माझं सांगतो

दुसऱ्यांना बोलायच्या आधी स्वतःचं. आमच्या घराचा वरचा मजला २०१९ मध्ये झाला. खडी, वाळू आणि विटा सात आठवडे रस्त्यावर होत्या. मी तेव्हा डिप्लोमा करून नुकताच कामाला लागलो होतो. नियम काय आहे ते मला माहीत होतं. अब्बांना म्हणालो नाही. समोरच्या मामूंनी एकदा हळूच विचारलं, "बेटा, कितने दिन और?" मी म्हणालो, "बस, चार दिवस." ते चार दिवस सात आठवडे चालले. मामूंनी परत विचारलं नाही, कारण पुढच्या वर्षी त्यांचंही काम निघणार होतं.

आपल्या गल्लीत हा अलिखित करार आहे. आज तू माझा ढीग सहन कर, उद्या मी तुझा करतो. या करारात ज्यांच्याकडं बांधायला जागाच नाही ते नाहीत. भाडेकरू नाहीत, काठी टेकत चालणारे नाहीत, कामगार तर नाहीतच. घर असलेल्यांनी आपसात केलेला हा सौदा आहे आणि त्याला आपण शेजारधर्म म्हणतो.

नऊशे वर्षांपूर्वीचा पार्किंगचा नियम

रस्त्यावरची इजा दूर करणं हा इमानचाच एक भाग आहे, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मक्तबमध्ये शिकताना आपल्याला वाटायचं, रस्त्यातला काटा किंवा दगड उचलला की झालं. काटा उचलणं सोपं असतं, तो कुणाच्या मालकीचा नसतो.

इमाम गझाली इसवी सन ११११ मध्ये वारले. त्यांच्या 'इह्याउ उलूमिद्दीन'मध्ये चांगल्याचा आदेश आणि वाइटाला मनाई या विषयावर एक स्वतंत्र भाग आहे. त्यात ते मशिदीत, बाजारात, हमामात, मेजवानीत होणाऱ्या गैरगोष्टी एकेक करून सांगतात, आणि त्यात एक प्रकरण रस्त्यांवरच्या गैरगोष्टींचं आहे. घराला लागून रस्त्यात ओटे बांधणं, छज्जे बाहेर काढणं, लाकडं आणि धान्याची ओझी रस्त्यात टाकणं, यानं वाट अरुंद होत असेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्रास होत असेल तर ते गैर आहे, असं ते सांगतात. सरपण रस्त्यात उतरवायला ते परवानगी देतात, पण घरात वाहून नेईपर्यंतच. कारण ती गरज सगळ्यांनाच पडते. जनावरं रस्त्यात बांधून वाट अडवायलाही मनाई. सूट फक्त चढण्या-उतरण्यापुरती. कारण रस्ता सगळ्यांच्या वापराचा आहे, कुणी एकट्यानं गरजेपेक्षा जास्त तो आपलासा करू शकत नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागं जाऊन तारीख बघितली. जनावराच्या जागी मोटारसायकल ठेवा, सरपणाच्या जागी वाळू. आपल्या वॉर्डाची नियमावली तयार आहे. त्याच प्रकरणात जनावरावर त्याच्या ताकदीपलीकडं ओझं लादणंही गैर म्हटलंय. म्हणजे रस्त्याचा विचार करताना ओझं वाहणाऱ्याचाही विचार एकाच जागी झालाय. आपण मात्र त्यातला एकच अर्धा उचलतो, तोही बिगाऱ्याला हाकलण्यापुरता.

आणखी एक हदीस आहे. रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर सात हात सोडावेत. सात हात म्हणजे साधारण साडेदहा फूट. रुग्णवाहिका यातून जाते. जनाजा जातो. आमच्या गल्लीत त्या दिवशी पावणेदोन हातसुद्धा नव्हते.

कायदा कुणाला धरतो

तक्रार करायची म्हटलं की आपण वाहतूक पोलिसाला बोलावतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२२, अडथळा होईल अशी गाडी लावायला मनाई. दंड गाडीवाल्याला. त्याची त्या दिवसाची हजेरी गेली आणि आपण समाधानानं घरी आलो.

पण त्याच गल्लीत दुसराही कायदा लागू आहे. सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे. आपल्या ताब्यातल्या मालमत्तेची नीट व्यवस्था न ठेवल्यामुळे अडथळा झाला, तरी तो त्यात येतो. म्हणजे ढिगाचा मालक. जुन्या दंड संहितेत याला दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. जुलै २०२४ पासून तो पाच हजारांपर्यंत आहे. पाडकामाचा राडारोडा रस्त्यावर, गटारात टाकून वाहतूक अडवू नये, तो आपल्या जागेतच ठेवावा, हे २०१६ च्या बांधकाम कचरा नियमांनी सांगितलं होतं. नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात रस्त्यावरचा अडथळा हटवण्याचे अधिकार आहेत. आपल्याकडं हे सगळं असताना वापरला जातो तो एकटा पार्किंगचा दंड, कारण तो गरिबावर लगेच चालतो.

कामगारासाठीही कायदा होता आणि आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कामावर पिण्याचं पाणी आणि शौचालय ही मालक-ठेकेदाराची जबाबदारी ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली. पण तुम्ही मला इस्लामपुरातल्या गल्लीतल्या कामावर तात्पुरतं शौचालय दाखवा. मी तरी पाहिलेलं नाही. आणि मग आपणच भिंतीवर लिहितो, इथे लघवी करू नये.

कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला मागायला आलेल्या माणसाला दहा चकरा मारायला लावणारे मालक आणि ठेकेदार माझ्या ओळखीचे आहेत. त्यातले काही पहिल्या सफेत नमाज पढतात.

"पण भाई..."

हे सगळं बोललो की चार उत्तरं येतात.

पहिलं, "चार दिवसांचा प्रश्न आहे." एका घराचा असेल. गल्लीत चाळीस घरं आहेत. दर वर्षी दोन-तीन कामं निघतात. पंधरा फुटांची गल्ली मी गेल्या सहा वर्षांत सलग एक महिनाही पूर्ण मोकळी बघितलेली नाही.

दुसरं, "आपल्याच माणसाविरुद्ध कसं बोलायचं?" बोलायचं म्हणजे पोलिसात जायचं असं नाही. ढीग पडायच्या आधी त्याच्या घरी जाऊन चहा पीत बोलता येतं. पण कामगाराविरुद्ध बोलताना तर आपल्याला हा प्रश्न पडत नाही. तो आपला नाही, हे आपण आधीच ठरवलेलं असतं. त्यातला निम्म्या वेळा तो आपलाच निघतो.

तिसरं उत्तर सगळ्यात खरं आहे, म्हणून त्याला टाळत नाही. "रस्त्याची तक्रार केली तर अतिक्रमणवाले येतील. एकाचा ढीग उचलतील आणि दहा जणांच्या पायऱ्या तोडतील. आपल्या मोहल्ल्यात बुलडोझर आपणच का बोलवायचा?" ही भीती हवेतली नाही. देशात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. सर्वोच्च न्यायालयानं १३ नोव्हेंबर २०२४ ला निकाल देऊन सांगितलं, नोटीस दिल्याशिवाय आणि पंधरा दिवस थांबल्याशिवाय कुणाचं बांधकाम पाडता येणार नाही. तो निकाल आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवला. पण त्याच निकालात लिहिलंय की रस्ता, गल्ली, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. म्हणजे जिथं आपली बाजू सगळ्यात कमकुवत आहे, तिथंच आपण ओटा वाढवतो. रस्ता आपणच मोकळा ठेवला तर बुलडोझरला निमित्त उरत नाही. भीती खरी असेल तर तिचं उत्तरही हेच आहे.

चौथं, "हे नगरपालिकेचं काम आहे." आहेच. २०१६ नंतर आपल्या नगरपरिषदेची निवडणूक थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाली. मधली काही वर्षं प्रशासक होते, कुणाला विचारायचं हा प्रश्न होता. आता नगरसेवक आहेत. निवडून आलेल्याला पहिल्या वर्षात जाब विचारला तर तो ऐकतो, पाचव्या वर्षात तो फक्त हात जोडतो.

काय करता येईल

मी कुणाला मोर्चा काढायला सांगत नाही. पुढच्या गोष्टी कुठलीही गल्ली एका महिन्यात सुरू करू शकते.

काम सुरू व्हायच्या आधी मालकानं दोन जागा सांगाव्यात, सामान कुठं आणि गाड्या कुठं. जवळ मोकळा प्लॉट असेल तर त्याच्या मालकाला महिन्याचं भाडं द्यावं. घराच्या खर्चात ते कुठल्या कुठं जिरून जातं. मशिदीचं किंवा शादीखान्याचं आवार दिवसा रिकामं असतं. कमिटीनं ठरवलं तर जुम्मा सोडून इतर दिवशी दहा मोटारसायकली तिथं आरामात राहतात, आणि नजरही राहते. साईटवर एक कुलपाची लोखंडी पेटी ठेवली की गाडी डोळ्यासमोर लागण्याचं निम्मं कारण संपतं.

वाळू-खडी एका वेळी लागेल तेवढीच मागवावी. सकाळी पडलेली संध्याकाळपर्यंत आपल्या हद्दीत जावी. डंपरच्या फेऱ्या वाढतात, खर्च वाढतो, मान्य. घर आपलं आहे, खर्चही आपलाच.

स्लॅबच्या दिवशी मिक्सर, टेम्पो, वीस माणसं येणारच. त्या दिवशी रस्ता लागतो, गझालीही तेवढी सूट देतात. आदल्या दिवशी घरोघरी सांगावं, फोन नंबर द्यावा, एक टोक मोकळं ठेवावं आणि जुम्म्याचा दिवस टाळावा.

कामावर पाणी आणि शौचालय असावं. गल्लीतल्या एखाद्या म्हातारीनं तांब्या पुढं करायची वाट बघू नये.

आणि नगरपरिषदेकडं एकच मागणी, लेखी. बांधकाम परवानगी देताना साईटवर फलक सक्तीचा करा. मालकाचं नाव, ठेकेदाराचं नाव, फोन, आणि रस्त्यावर सामान ठेवायची परवानगी असेल तर किती दिवसांची, किती जागेची, किती शुल्क भरून. परवानगी नसेल तर तेही लिहा. मग लोक कुणाशी बोलायचं ते फलक बघून ठरवतील, समोर दिसेल त्या बिगाऱ्यावर तुटून पडणार नाहीत. हे पत्र मी लिहिलंय. सह्या घेतोय. आतापर्यंत अकरा झाल्या आहेत.

अकरा. जुलै २०२५ मध्ये आपल्या गावाचं नाव बदलायची घोषणा विधानसभेत झाली, तेव्हा याच मोहल्ल्यात स्टेटस, पोस्ट, रील, किती आले ते आठवा. माझाही होता. आपल्याला वाईट वाटलं आणि ते बोलून दाखवायचा आपल्याला हक्क आहे. या गावानं संभूआप्पा आणि बुवाफन यांचा उरूस एकत्र साजरा केलाय, नावाचा प्रश्न इथं फक्त पाटीचा नसतो. पण ज्या गल्लीतून आपल्या आईचा जनाजा जाणार आहे, तिच्यासाठी अकरा सह्या? पाटीवर काय लिहायचं ते मुंबईत ठरतं. ढीग कुठं टाकायचा ते आपल्या घरात ठरतं.

मी एक दोरी केली आहे. साडेदहा फुटांची, दोन्ही टोकांना गाठ. स्कूटरच्या डिकीत असते. सह्या मागायला जातो तिथं दोघं मिळून ती रस्त्यात धरतो. कुठं बसते, कुठं बसत नाही. पोरांना मजा वाटते, मोठी माणसं हसतात, मग एक टोक स्वतः धरून बघतात.

मागच्या रविवारी ती आमच्याच दारात धरली. समोरच्यांची कार उभी होती, दोरी बसली नाही. दीड फूट कमी पडले. आमची पायरी दीड फूटच बाहेर आहे. अब्बा बराच वेळ गाठीकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तेरे दादा ने बनायी थी." मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच विचारलं, तोडायला गवंडी किती दिवस घेईल.

एक दिवस लागेल. त्याची गाडी आमच्या अंगणात लागेल.